कुंभकोणमचे मृत्युपत्र, मद्रासचे विद्यालय
(पच्चैयप्पा धर्मादायाची वाटचाल)

कुंभकोणम ते तंजावर या लोहमार्गावर दारासुरम, स्वामीमलै, सुंदरपेरुमाळ कोयिल आणि पापनाशम अशी स्थानके ओळीने येतात. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला हा भाताचा आणि देवळांचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि गादीवर अमरसिंह राजे होते. त्या काळात, १७९४ च्या मार्च महिन्यात, मद्रासचे एक धनाढ्य व्यापारी पच्चैयप्पा मुदलियार कुंभकोणममध्ये मुक्कामाला होते. २२ मार्चला त्यांनी तेथे आपले मृत्युपत्र केले. त्यानंतर नऊ दिवसांनी, ३१ मार्चला, तिरुवैयारू या कावेरीकाठच्या क्षेत्री त्यांचा देहान्त झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे चाळीस होते.

त्या कागदातून पुढे एक शाळा निघाली, शाळेचे महाविद्यालय झाले आणि एका महाविद्यालयाची सहा झाली. पावणेदोनशेहून अधिक वर्षे या पैशावर तमिळ प्रदेशातली मुले शिकत आहेत. ज्या मातीत हे मृत्युपत्र झाले तिच्याशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. आपल्यामागे आपला पैसा विद्यार्थ्यांच्या कामी यावा असे वाटणाऱ्या प्रत्येकाला या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून तो या स्मरणिकेत सविस्तर नोंदवत आहोत.

संस्थापक

पच्चैयप्पांचा जन्म १७५४ चा, मद्रासजवळच्या पेरियपाळैयम येथला. वडील विश्वनाथ मुदलियार त्यांच्या जन्माआधीच वारले होते. आई पूच्ची अम्माळ मुलांना घेऊन मद्रासला आली आणि नारायण पिळ्ळै या वजनदार दुभाषाने त्या कुटुंबाला आधार दिला. दुभाषी म्हणजे इंग्रज व्यापारी आणि देशी बाजार यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस. तो भाषा सांभाळी, भाव ठरवी, जामीन राही, पैसा उभा करी. पच्चैयप्पा याच पेशात वाढले. किशोरवयातच ते खरेदी-विक्रीच्या दलालीत उतरले आणि तिशी गाठेपर्यंत मद्रासच्या मोठ्या सावकारांत त्यांची गणना होऊ लागली. कोमलेश्वरन्‌पेट्टै या वस्तीत त्यांचे घर होते.

धंद्याने त्यांना तंजावरच्या मुलखात आणले. त्या काळी तंजावरच्या राजांवर अर्काटच्या नवाबाच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या देण्यांचा मोठा बोजा होता. मुलखाचा वसूल येण्यापूर्वीच हप्ते भरावे लागत आणि त्यासाठी मद्रासच्या सावकारांकडून रक्कम उचलावी लागे. कंपनीचे अधिकारी, दरबार आणि सावकार यांच्यामधल्या या देवघेवीत पच्चैयप्पांचा मोठा हात होता. अखेरच्या दिवसांत ते कुंभकोणममध्ये होते यामागे हाच धागा आहे.

मृत्युपत्र करून संपत्तीची व्यवस्था लावण्याची पद्धत तेव्हा हिंदू कुटुंबांत रुळलेली नव्हती. संपत्ती घराण्याची, ती पुढच्या पिढीकडे जायची, हीच रीत होती. मद्रासच्या इंग्रजी व्यवहारात मुरलेल्या पच्चैयप्पांनी मात्र आपली इच्छा कागदावर उतरवली आणि संपत्तीचा मोठा भाग देवकार्याला व धर्मादायाला लावून दिला. एक लाख वराह हा आकडा त्यांच्या दानाशी कायमचा जोडला गेला आहे. वराह हे तेव्हाचे सोन्याचे नाणे. एका वराहाला साधारण साडेतीन रुपये पडत.

तंजावरची रीत

ज्या राज्यात हे मृत्युपत्र झाले तेथे दानाची व्यवस्था नवी नव्हती. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. तेथे वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, अनाथ मुलांची सोय होई आणि काही ठिकाणी पाठशाळाही चाले. यांतली बरीच छत्रे राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे उभी राहिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांतली प्रसिद्ध.

मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. ज्यांच्या नावाचे ते छत्र, त्या मुक्तांबाबाईंनी अखेरच्या क्षणी राजांकडे आपल्या नावाने अन्नछत्र घालण्याची मागणी केली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. तेथे मुलांना निरनिराळ्या भाषा शिकवल्या जात आणि शिकणाऱ्यांच्या पोटापाण्याची काळजीही छत्रच घेई. म्हणजे मरणाऱ्याची इच्छा आणि विद्यार्थ्याचे ताट यांची गाठ या मुलखात आधीपासून बांधलेली होती.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. छत्रे मात्र टिकली, कारण प्रत्येकाला जमिनी तोडून दिलेल्या होत्या. त्यांचा कारभार पुढे जिल्हा बोर्डाकडे गेला. तिरुवैयारूला याच निधीतून संस्कृत विद्यालय चाले. जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्या काळात, १९२४ च्या सुमारास, तेथे तमिळचेही उच्च शिक्षण सुरू झाले. दान राजांचे, पण त्याचा लाभ कोणाला द्यायचा याचा विचार पुढच्या पिढीने पुन्हा केला. पच्चैयप्पांच्या पैशाच्या बाबतीतही तेच घडायचे होते.

मृत्युपत्रानंतरची अठ्ठेचाळीस वर्षे

मृत्युपत्र झाले त्या दिवसापासून शाळा उघडेपर्यंत जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे गेली. हा काळ संस्थेच्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा काळ आहे.

इच्छेची अंमलबजावणी विश्वासू माणसावर सोपवलेली होती, पण तो माणूस गेल्यावर काय, याची पक्की तजवीज नव्हती. पैसा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. वाटेकरी पुढे आले, तंटे झाले, दावे चालले. ज्या देवस्थानांसाठी रक्कम ठेवली होती त्यांना ती वेळेवर पोहोचेना. मद्रासमध्ये १८०१ साली सुप्रीम कोर्ट स्थापन झाले तेव्हा हे प्रकरण हळूहळू तेथे आले. सार्वजनिक धर्मादायाचे रक्षण करणे हे सरकारच्या महाधिवक्त्याचे काम असते, या न्यायाने आधी हर्बर्ट कॉम्प्टन यांनी आणि त्यांच्यानंतर जॉर्ज नॉर्टन यांनी हा पैसा सोडवण्यासाठी पाठपुरावा केला.

१८२८ पासून महाधिवक्ता असलेले नॉर्टन हे केवळ सरकारी वकील राहिले नाहीत. मद्रासच्या लोकांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी लोकांच्या बाजूने उघड भूमिका घेतली. विद्यापीठाच्या मागणीचा जो अर्ज सत्तर हजार सह्यांनिशी १८३९ मध्ये गव्हर्नरांकडे गेला, त्यामागेही त्यांचे पाठबळ होते. पच्चैयप्पांच्या निधीचा हिशेब लागला तेव्हा असे दिसले की तंट्यांच्या काळात व्याज साठत गेले होते आणि देवस्थानांची कर्तव्ये पुरी करूनही मोठी रक्कम शिल्लक राहत होती. मृत्युपत्राचा भर देवकार्यावर होता. ते तसेच चालू ठेवावे आणि शिल्लक रक्कम गरीब हिंदू मुलांच्या शिक्षणावर खर्च करावी, अशी योजना न्यायालयाच्या संमतीने ठरली. कारभार मद्रासच्या प्रतिष्ठित हिंदू नागरिकांच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवण्यात आला.

एका माणसाच्या भरवशावर सोडलेला पैसा बुडू लागला होता. मंडळ, न्यायालय आणि जाहीर हिशेब यांच्या हाती आल्यावर तोच पैसा उभा राहिला.

शाळा

१ जानेवारी १८४२ रोजी मद्रासच्या ब्लॅक टाऊनमध्ये, पॉफम्स ब्रॉडवेवर, ‘पच्चैयप्पाज प्रिपरेटरी स्कूल’ सुरू झाले. गरीब मुलांना तेथे विनामूल्य प्रवेश होता. इंग्रजीबरोबर तमिळ आणि तेलुगू शिकवली जाई.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या शाळेचे महत्त्व कळत नाही. इंग्रजी आल्याशिवाय कंपनीच्या कचेरीत जागा मिळत नव्हती आणि इंग्रजी शिकायचे तर मिशनऱ्यांच्या शाळेखेरीज सामान्य घरातल्या मुलाला फारसा पर्याय नव्हता. मिशनरी जॉन अँडरसन यांच्या शाळेतल्या काही मुलांनी धर्मांतर केल्यावर शहरात मोठा क्षोभ झाला होता. सरकारने १८४१ मध्ये विद्यालय काढले, पण ते वरच्या थरातल्या मुलांसाठी होते. अशा वेळी ज्या बापाला मुलाला शिकवायचे होते पण घरचा धर्म सोडायचा नव्हता आणि ज्याच्याकडे फीचे पैसेही नव्हते, त्याच्यासाठी पच्चैयप्पांची शाळा उभी राहिली. मिशनच्या वा सरकारच्या पैशावर न चालता एका हिंदू दात्याच्या पैशावर चालणारी दक्षिणेतील ही पहिली मोठी इंग्रजी शिक्षणसंस्था मानली जाते.

मुलांची गर्दी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. विश्वस्तांनी एस्प्लनेडजवळ, चायना बाजार रस्त्यावर, नवी इमारत बांधायला घेतली. १८४६ मध्ये तिची कोनशिला नॉर्टन यांच्या हस्ते बसली आणि १८५० मध्ये गव्हर्नर सर हेन्री पॉटिंजर यांनी तिचे उद्घाटन केले. अथेन्समधील थीसिअसचे देवालय म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या धर्तीवर बांधलेला, उंच खांबांचा हा ‘पच्चैयप्पा हॉल’ शहराच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र बनला. सभा, व्याख्याने, बक्षीस समारंभ येथे होत. नॉर्टन यांच्याविषयीची कृतज्ञता संस्थेने पुढेही जपली.

महाविद्यालय

१८५७ मध्ये मद्रास विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या तीन दशकांत शाळेचे वर्ग वाढत गेले आणि १८८९ मध्ये तिला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. चायना बाजारातील गजबज वाढल्यावर महाविद्यालय १९४० मध्ये चेटपेट येथील प्रशस्त आवारात, द्राविडी शैलीच्या नव्या इमारतीत गेले.

संस्थेच्या आरंभीच्या नियमांनुसार येथे फक्त हिंदू विद्यार्थ्यांना प्रवेश होता. मिशनरी शाळांच्या काळात त्या नियमाला कारण होते. काळ बदलला तसे ते कारण उरले नाही आणि १९४७ मध्ये महाविद्यालयाची दारे सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडली. कांचीपुरमच्या एका साध्या विणकर समाजातून आलेले सी. एन. अण्णादुराई येथे शिकले आणि १९६७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. तमिळचे थोर अभ्यासक आणि कादंबरीकार मु. वरदराजन यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन केले. राजकारण, पत्रकारिता, साहित्य, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांत या महाविद्यालयाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. त्यांतले बरेचसे घरातले पहिले शिकलेले होते.

कुंभकोणमचा विद्यार्थी

या संस्थेच्या इतिहासात कुंभकोणम पुन्हा एकदा येते ते श्रीनिवास रामानुजन यांच्या रूपाने. सारंगपाणी देवळाच्या संनिधी रस्त्यावरच्या लहानशा घरात ते वाढले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०४ मध्ये टाऊन हायस्कूलमधून बाहेर पडताना त्यांना गणिताचे के. रंगनाथराव पारितोषिक मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर प्रवेशही मिळाला. ते महाविद्यालय तेव्हा ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून नावाजलेले होते. पण रामानुजन यांचे लक्ष गणिताखेरीज दुसऱ्या कशात लागेना. इतर विषयांत ते मागे पडले आणि नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती गेली. घरच्या मिळकतीत फी भरणे शक्य नव्हते.

१९०६ मध्ये ते मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात दाखल झाले. गणिताचे प्राध्यापक पी. सिंगारवेलू मुदलियार यांनी त्यांची ताकद ओळखली आणि दोघे मिळून गणितविषयक नियतकालिकांतील कठीण प्रश्न सोडवू लागले. तरीही एफ.ए.च्या (फर्स्ट आर्ट्सच्या) परीक्षेत इतर विषयांनी रामानुजन यांना अडवले आणि पदवीची वाट बंद झाली. पुढे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांनी स्वतःच्या खिशातून त्यांना महिना पंचवीस रुपये दिले. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मंजूर केली आणि केंब्रिजचा रस्ता मोकळा झाला.

मृत्युपत्रात विद्यार्थ्यांसाठी रक्कम ठेवणाऱ्याने ही हकीकत पुन्हा पुन्हा वाचावी. रामानुजन यांच्या वाट्याला पारितोषिक आले, शिष्यवृत्ती आली, मोफत शिक्षणाची परंपरा असलेले महाविद्यालयही आले. पण प्रत्येक वेळी ठरीव अट आडवी आली. ती ओलांडायला माणसाचा विवेक लागला. आधी एका अधिकाऱ्याने, मग विद्यापीठाने तो दाखवला. ज्यांच्यासाठी दान द्यायचे त्यांच्यातला एखादा अटींच्या चौकटीत न बसणारा असू शकतो. त्याला सामावून घेण्याइतका अधिकार विश्वस्तांना दिलेला असला पाहिजे.

नंतरचे दाते

आज पच्चैयप्पा न्यास सहा महाविद्यालये चालवतो: चेन्नईतील मूळ महाविद्यालय, गिंडीचे चेल्लम्माळ महिला महाविद्यालय, अण्णानगरचे सी. कंदस्वामी नायडू महाविद्यालय, कडलूरचे त्याच नावाचे महिला महाविद्यालय आणि कांचीपुरमची पुरुषांसाठी व स्त्रियांसाठीची दोन महाविद्यालये. यांतली काही नावे पच्चैयप्पांची नाहीत, ती नंतरच्या दात्यांची आहेत. विश्वासाचे एक भांडे उभे राहिले की इतर लोक त्यात आपला वाटा घालतात, याचा हा रोकडा पुरावा आहे.

न्यासाच्या वाटचालीत वादही झाले. अलीकडच्या वर्षांत कारभाराविषयीचे तंटे मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाला प्रशासक नेमावे लागले. नॉर्टन यांच्या काळात जे काम करावे लागले ते जवळपास दोन शतकांनंतरही पुन्हा करावे लागते. धर्मादाय जिवंत ठेवायचा तर प्रत्येक पिढीला त्याची राखण करावी लागते.

नागपूरचे उदाहरण

आपल्याकडे याच जातीचे मोठे दान विदर्भात झाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले. विद्यापीठ १९२३ चे, म्हणजे तेव्हा जेमतेम सात वर्षांचे होते. पैसा कशासाठी, हे दात्याने नेमके सांगितले: उपयोजित विज्ञान आणि रसायन यांच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. ‘एलआयटी’ म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तेल, रंग, अन्नप्रक्रिया, रसायन उद्योग यांना तिने पिढ्यान्‌पिढ्या अभियंते दिले. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

दोन्ही दानांत फरक आहे तो तजविजीचा. लक्ष्मीनारायण यांनी पैसा आधीपासून उभ्या असलेल्या, कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या हाती दिला आणि हेतू स्पष्ट लिहिला. बारा वर्षांत संस्था उभी राहिली. पच्चैयप्पांच्या काळात असे विद्यापीठच नव्हते, त्यामुळे त्यांच्या पैशाला चौपट वाट पाहावी लागली.

आज मृत्युपत्र करणाऱ्यांसाठी

कायद्याची बाजू आज बरीच सोपी झाली आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. एक्झिक्युटर म्हणजे व्यवस्थापक नेमावा, आणि तो आधी गेला तर दुसरा कोण, तेही लिहावे. सार्वजनिक धर्मादायाचा पैसा भरकटला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली महाधिवक्ता, किंवा हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने, दावा लावू शकतात. नॉर्टन यांना जे काम महाधिवक्ता म्हणून करता आले ते आज त्या धर्मादायात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तीही करू शकतात.

रक्कम मोठीच असली पाहिजे असे नाही. रामानुजन यांच्या हाती शाळेत आलेले पारितोषिक एका माणसाच्या नावाचे होते आणि शहरातल्या एका शाळेपुरते होते. कुंभकोणमच्या सरकारी कला महाविद्यालयात आज तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठाची पदवी घेणारी मुले सुंदरपेरुमाळ कोयिल, पापनाशम, स्वामीमलै अशा गावांतून येतात. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात येणारी मुले खेड्यांतून येतात. खानावळीचे पैसे, बसचा पास, परीक्षा शुल्क, वसतिगृहाची अनामत यांपैकी एखादी गोष्ट नसल्याने शिक्षण सुटते. एवढे भागवणारा निधी एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या शिलकीतून उभा राहू शकतो.

पच्चैयप्पांच्या इतिहासाने यासाठी तीन गोष्टी दिल्या आहेत. हेतू ठाम लिहावा: पैसा कोणत्या संस्थेतल्या, कोणत्या गरजेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे ते एका वाक्यात कळले पाहिजे. अटी कमी ठेवाव्यात, कारण जात, धर्म, विषय आणि टक्केवारी यांवर बांधलेल्या अटी काळाबरोबर जुन्या होतात. आणि राखणदार एकटा नसावा: विद्यापीठ, महाविद्यालय किंवा नोंदणीकृत न्यास यांच्याशी हयातीतच बोलून, त्यांची लेखी संमती घेऊन, दरवर्षी हिशेब जाहीर होईल अशी तरतूद करावी. पच्चैयप्पांच्या पैशाला विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली आणि लक्ष्मीनारायण यांच्या पैशाला बारा. आपल्यापैकी कोणाच्या पैशाला एका शैक्षणिक वर्षापेक्षा अधिक थांबावे लागू नये, एवढी तजवीज आज हयातीत करता येते आणि ती करणे हेच त्या दोघांचे खरे स्मरण आहे.